तंबूची काठी मोडली तर?

काय दोस्तांनो, थंडी पडली की नाही तुमच्याकडे? थंडी आली, की माझ्या पायांना भिंगरी लागते. शाळेला सुट्टी लागली रे लागली, की पाठीवर सॅक आणि मास्तर डोंगरात!

मागच्या डिसेंबरात मी, माझा आठवीतला भाचा आणि त्याचा एक मित्र, असे तिघं राजमाचीला गेलो होतो. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या वाटेनं चालत साधारण १५ किलोमीटरवर उधेवाडी लागते. गावाच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. मुक्काम किल्ल्यावर करायचा नाही हे ठरलेलंच होतं. म्हणून गावातल्या एका काकांना विचारून त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत तंबू लावला.

तंबू माझ्या मित्राकडून मागून आणलेला. हलका, जेमतेम अडीच किलोचा. निघताना त्याच्या पिशवीत विताएवढी एक पोकळ नळी दिसली. 'ही कशाला? उगाच ओझं!' असं म्हणून मी ती घरीच काढून ठेवली. वा रे शहाणा!

रात्री वारा सुटला. बारा-साडेबाराच्या सुमारास 'कट्ट' असा आवाज झाला आणि तंबूचं कापड माझ्या नाकावर आलं. बॅटरी लावून बघतो, तर काठीची एक नळी फाटलेली, आणि तिच्या टोकानं कापडालाही दोन बोटं भोक पाडलेलं.

भाचा गप्प उभा होता. मग हळूच म्हणाला, "मामा, संध्याकाळीच बारीक तडा गेला होता. मी नीट न बसवताच काठी वाकवली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तंबू दुसऱ्याचा. तुम्ही ओरडाल असं वाटलं."

खरं सांगू? मी ओरडलोच असतो. पण त्याचा चेहरा पाहिला आणि तोंडाशी आलेले शब्द गिळले. संध्याकाळी कळलं असतं, तर पाच मिनिटांत काम झालं असतं. माझ्या ओरडण्याच्या भीतीनं ते मध्यरात्रीवर गेलं होतं. मग चूक एकट्या त्याची कशी?

असो. आधी रात्र काढायची होती. तंबूची एक खुंटी, म्हणजे पेग, घेतला. तो पन्हाळीसारखा होता. फाटलेली नळी त्याच्या खोबणीत बसवली आणि वरून चिकटपट्टी करकचून गुंडाळली. मोडलेल्या हाताला डॉक्टर फळी बांधतात ना, अगदी तसंच. सकाळपर्यंत तंबू उभा राहिला.

आणि ती घरी ठेवलेली नळी? ती याचसाठी असते! मोडलेल्या जागेवर ती सरकवायची, दोन्ही बाजूंना सारखी येईल अशी ठेवायची आणि टोकांना पट्टी लावायची. झालं काम.

पण ही झाली मलमपट्टी. खरी दुरुस्ती घरी आल्यावर भाच्यानं स्वतः केली. कशी, ते सांगतो.

तंबूची काठी अखंड नसते. हातभर लांबीचे पोकळ तुकडे एकात एक बसतात आणि सगळ्यांच्या पोटातून इलॅस्टिकची दोरी जाते. त्यामुळे एकच तुकडा बदलता येतो, अख्खी काठी टाकावी लागत नाही.

१. काठी जमिनीवर सरळ पसरा. प्रत्येक तुकड्याला कागदी पट्टी लावून क्रमांक द्या. सगळे तुकडे सारखे नसतात, क्रम चुकला की पंचाईत.

२. मोडक्या तुकड्याची लांबी मोजा. दुसऱ्या तुकड्यात शिरणारा बारीक भाग वेगळा मोजा. मग जाडी. शाळेतलं व्हर्नियर मिळालं तर उत्तम. नाहीतर शिवणाचा बारीक दोरा नळीवर शेजारी शेजारी दहा वेढे गुंडाळा. तो सोडून मोजा, १० नं भागा, मग ३.१४ नं भागा. आमचा दोरा २६.७ सेंटिमीटर भरला, म्हणजे जाडी सुमारे ८.५ मिलिमीटर. गणित कुठे कुठे उपयोगी पडतं बघा! तरी दुकानात जाताना मोडका तुकडा बरोबर न्याच. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानंही नळी बसत नाही.

३. मोडक्या तुकड्याला जवळ असलेल्या टोकाची टोपी काढा. तिथे दोरीची गाठ असते. गाठ सोडण्याआधी दोरीला कपड्यांचा चिमटा लावा, नाहीतर ती सुर्रकन आत पळते. मोडक्यापर्यंतचे तुकडे ओळीनं काढून ठेवा.

४. नवा तुकडा लांब असेल, तर लोखंड कापायच्या करवतीनं कापून घ्या. हे काम मोठ्या माणसासमोरच करायचं. कापलेली कड कानशीनं आणि पॉलिशपेपरनं आतूनबाहेरून गुळगुळीत करा. धारदार कड राहिली तर दोरी कापली जाते. तुमची काठी फायबरग्लासची असेल, तर कापायचं काम मोठ्यांवरच सोपवा. तिची धूळ नाकात जाऊ नये आणि कुसळं हातात शिरू नयेत म्हणून मास्क आणि हातमोजे लागतात.

५. दोरी परत ओवा. ती जात नसेल, तर बारीक तारेचा आकडा करून ओढा. गाठ मारा आणि टोपी बसवा. तुकडे आपोआप एकमेकांना चिकटले पाहिजेत, पण काठीची घडी घालतानाही दोरी शेवटपर्यंत ताणली जाता कामा नये. दोरी सैल पडली असेल, तर नवी घाला.

आता काठी मोडूच नये म्हणून चार गोष्टी. प्रत्येक तुकडा आत पूर्ण टेकलाय ना, हे हातानं चाचपून बघा. अर्धवट बसलेली काठी वाकवली, की नळीच्या तोंडावरच सगळा जोर येतो आणि ती फाटते. काठी कापडाच्या बोगद्यातून ढकला, ओढू नका. ओढली की सांधे सुटतात. घडी मधल्या सांध्यापासून सुरू करा, म्हणजे दोरीवर दोन्हीकडे सारखा ताण येतो. आणि ताणाचे दोर आळस न करता बांधा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो!

तंबू परत देताना आम्ही मित्राला सगळं सांगितलं. तडा, भोक, घरी राहिलेली नळी, सगळं. कापडाला मी ठिगळ लावलं होतं, तेही दाखवलं. त्यानं भाच्यानं बसवलेला तुकडा दोनदा वाकवून पाहिला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी तंबू न्यायला मामाला नको, तूच ये."

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झालाय. काही मोडलं, तर लगेच सांगायचं; आणि सांगणाऱ्यावर कुणी ओरडायचं नाही. पहिला अर्धा नियम भाचा पाळतो. दुसरा अर्धा पाळायला मला जरा जड जातं, पण शिकतोय!

तुमच्या शाळेत स्काऊटचे तंबू असतील, तर या शनिवारी सरांना विचारून त्यांच्या काठ्या तपासा बरं. बारीक तडे सापडले तर मला पत्रानं कळवा.

तुमचा,
मास्तरमामा