एकाग्रतेच्या क्लासची फ्रँचायझी घेताय? थांबा जरा

ट्रेनिंगला येणारे सध्या सारखं एकच विचारतात, "सर, लहान मुलांच्या एकाग्रतेच्या क्लासची फ्रँचायझी घेऊ का?" माझं मत सरळ आहे. नका घेऊ.

गिऱ्हाईक आहे, हे खरं. परभणी काय अन् सेलू-जिंतूर काय, "लेकरू एका जागी बसतच नाही" म्हणणारे आईबाप गल्लोगल्ली आहेत. माझ्या दुकानात येणाऱ्या एका ताईंनी अंगठी मोडून असा कोर्स घेतला. नंतर कळलं, पोराला फळाच नीट दिसत नव्हता. चष्मा लागला.

काहींना खरोखर एडीएचडी असतो. पण तो ठरवताना डॉक्टर किमान सहा महिन्यांची लक्षणं बघतात, घरची आणि शाळेतली दोन्ही. तुम्ही-मी दहा मिनिटांच्या 'फ्री टेस्ट'मध्ये काय ठरवणार?

कॉम्प्युटरवरच्या ब्रेन गेमने लेकरू त्या गेममध्ये पटाईत होतं; वर्गातलं लक्ष वाढतं याचा पुरावा कच्चा आहे. अमेरिकेत लुमोसिटी कंपनीने असेच दावे केले, एडीएचडीचेसुद्धा. 2016 मध्ये तिला 20 लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. फ्रँचायझीवाला बसेल पुण्यात, पॅम्प्लेटवर नंबर मात्र तुमचा.

मग धंदा नाहीच का? आहे ना. गृहपाठाचा छोटा वर्ग काढा. बॅच सहाचीच. पंधरा मिनिटं काम, मग पाणी, जरा हातपाय मोकळे, परत काम. सूचना एका वेळी एकच. जमलं की लगेच शाबासकी. पालकांसाठी वहीत रोज दोन ओळी, आणि त्यात काय जमलं ते आधी लिहायचं. भरलेल्या वर्गात बाईंना हे जमत नाही, त्याचेच पैसे आहेत. समजा फी महिना 1,000, तीन बॅच, म्हणजे 18,000. भाडं-लाईटबिल त्यातूनच. फ्रँचायझीवाला एक्सेलमध्ये याच्या चौपट दाखवेल. एक्सेलमध्ये माझं दुकानही मॉल आहे!

शंका वाटली तर फी घ्यायच्या आधीच पालकांना जिल्हा रुग्णालयात पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे, आणि त्यांच्या यादीत एडीएचडीही आहे. कुणाची गोळी चालू असेल तर "क्लासने गोळी सुटेल" असं चुकूनही बोलू नका.

जूनला सुरू करायचं असेल तर जागा मार्चमध्येच बघून ठेवा. रस्त्याच्या आवाजापासून लांब, आतल्या बाजूची. भाडंही कमी पडतं.