स्वस्त शुद्धीकरण, पण कोणाच्या जिवावर?

पांढरकवड्याजवळून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग असो, की वणी तालुक्यातील कोळशाच्या उघड्या खाणी. जिथे ट्रक, डंपर आणि पोकलेन आले तिथे डिझेल आणि जळके ऑइल सांडणे आलेच. अशी तेलकट माती काळी, चिकट होते. पाणी आत मुरत नाही, बी रुजत नाही.

ही माती झाडे आणि सांडपाणी वापरून सुधारता येते, असे शास्त्रज्ञ सांगतात आणि ते खरे आहे. मातीतले जिवाणू तेल खातात, पण तेलात कार्बन भरपूर आणि नत्र, स्फुरद जवळपास नाही. ती उणीव सांडपाणी भरून काढते. गवताच्या दाट मुळांभोवती जिवाणू वाढतात, मुळांमुळे हवा आत जाते आणि तेलाचे हळूहळू विघटन होते. हे ज्ञान काही परदेशातून आणायला नको. नागपूरच्या 'नीरी'ने गुमगावच्या मँगनीज खाणीचे उजाड ढिगारे साखर कारखान्याचा टाकाऊ गाळ आणि जिवाणू खते वापरून हिरवे केले. तिथे प्रश्न तेलाचा नव्हता, पण वाट तीच. याच संस्थेचे 'फायटोरिड' तंत्र वनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करते.

मात्र जळक्या ऑइलमध्ये शिशासारखे जड धातू असू शकतात. ते जिवाणूंना पचत नाहीत. मातीत राहतात किंवा झाडात चढतात. ते गवत कापून शेळीपुढे टाकले तर विष दुधातून घरात येणार. आणि पडीक जागेवरचे गवत कापून शेळी पाळणारा माणूस बागायतदार नसतो, भूमिहीन असतो.

या पद्धतीची सर्वात मोठी तारीफ होते ती 'स्वस्त' म्हणून. स्वस्त कोणाला? कच्च्या सांडपाण्यात रोगजंतू असतात. ते उपसणार कोण, पाट काढून शेतात सोडणार कोण, अनवाणी पायांनी त्यात उभे राहणार कोण? महाडला १९२७ साली पिण्याच्या पाण्याच्या हक्कासाठी जो समाज उभा राहिला, त्याच्याच वाट्याला २०१३ चा कायदा होऊनही गटार येते. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ते ३० लाख केले. रक्कम वाढवावी लागली, कारण मरणे थांबले नाही. मजुराचा जीव हिशेबात धरला नाही, तर कोणतेही तंत्र स्वस्तच दिसेल!

प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच मान्य केले आहे. तेव्हा सांडपाणी आधी प्रक्रिया करूनच वापरावे, ते पंप आणि पाइपने जावे, मजुराला पूर्ण मजुरी, बूट, हातमोजे आणि वैद्यकीय तपासणी मिळावी, आणि हा सगळा खर्च तेल सांडणाऱ्याच्या नावावर पडावा. आधी आणि नंतर मातीची तपासणी होऊन तिचा अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचला जावा.

राहिला प्रश्न सुधारलेल्या जमिनीचा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांनी पडीक जमिनींसाठी तुरुंग भरले. आज सरकारी पडीक जमीन साफ झाली की तिच्यावर कारखान्याचा फलक लागणार, की तिथे राबलेल्यांच्या नावे सातबारा होणार? हे रोप लावण्याआधी, ठरावात लिहून घेतले पाहिजे.