भारत-चीन मैत्री कोणासाठी? ग्वारीघाटावरील एका प्रश्नाचे उत्तर

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्व लडाखमधील देपसांग व देमचोक येथील गस्तीसंबंधी भारत आणि चीन यांच्यात समझोता झाल्याचे जाहीर झाले आणि दोनच दिवसांनी दोन्ही देशांचे नेते काझान येथे भेटले. जून २०२५ मध्ये कैलास-मानससरोवराची यात्रा पाच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. जुलैमध्ये चिनी प्रवाशांना पर्यटनाचे परवाने मिळू लागले. ऑगस्टच्या अखेरीस पंतप्रधान तियानजिनला गेले आणि ऑक्टोबरमध्ये दोन्ही देशांतील थेट विमानवाहतूक पुन्हा चालू झाली. ज्या भांडवलदारी वृत्तपत्रांनी २०२० साली चिनी दूरचित्रवाणी संच रस्त्यावर फोडणाऱ्या टोळक्यांची छायाचित्रे मोठ्या कौतुकाने छापली, त्यांनाच आता हत्ती आणि ड्रॅगन यांच्या जोडनृत्याचे कोण कौतुक! कालच्या द्वेषाचा खुलासा त्यांनी वाचकांना दिला नाही. आजच्या प्रेमाचे कारणही ते सांगत नाहीत. ते कारण सांगणे हे आपले काम आहे.

जबलपूरच्या ग्वारीघाटावर अलीकडे पक्षसभासदांचा एक लहानसा अभ्यासवर्ग झाला. आंतरराष्ट्रीय परिस्थितीवरील ठरावाचा मराठी तर्जुमा वाचून दाखविण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते. भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबे आहेत. त्यांतील कित्येकांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या येथील संरक्षण कारखान्यांत खपल्या. वर्ग आटोपला, घाटावर पानांच्या द्रोणांतले दिवे नर्मदेत सोडले जाऊ लागले आणि पायऱ्यांवर बसलेले एक निवृत्त कामगार कॉम्रेड म्हणाले, “कॉम्रेड, ठराव पटला. चीनशी शांतता मलाही हवी आहे. पण माझ्या घरची चूल कारखान्याच्या पगारावर पेटली आणि आज माझा मुलगा त्याच फाटकातून आत जातो. उद्या सरहद्द खरोखरच शांत झाली, तर त्याच्या हाताला काम कोण देणार?”

लेखकाला त्या संध्याकाळी धड उत्तर देता आले नाही. कागदावर ‘शांतता’ हा शब्द उतरविणे सोपे असते. पण ज्या शहरात इंग्रजांनी १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी उभारली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६२ च्या युद्धानंतर, १९६९ साली, लष्करी मोटारींचा कारखाना निघाला, त्या शहरात हा प्रश्न एकट्या माणसाचा नाही. खडकी, देहूरोड, अंबाझरी, भंडारा, भद्रावती, वरणगाव आणि अंबरनाथ येथील कामगारांचाही तोच प्रश्न आहे. त्याला टाळून शांततेची भाषा बोलणे म्हणजे कामगारवर्गाला युद्धखोरांच्या स्वाधीन करणे होय. म्हणून हे उत्तर.

शत्रुत्वाने कामगाराला काय दिले?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सरहद्दीवरील तणावामुळे संरक्षण कामगाराची नोकरी सुरक्षित राहते, असा समज राज्यकर्त्या वर्गाने मोठ्या हिकमतीने रुजविला आहे. गेल्या काही वर्षांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे.

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना प्राण गमवावे लागले. खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांची आणि मजुरांचीच ती मुले होती. त्यानंतर चार दिवसांनी सर्वपक्षीय बैठकीत पंतप्रधानांनी सांगितले की आपल्या हद्दीत कोणीही शिरलेले नाही. मग जवान कोठे आणि कशासाठी मेले, याचे सरळ उत्तर आजवर मिळालेले नाही. पण त्या वर्षी देशभक्तीच्या गर्जनांनी आकाश दणाणले हे खरे.

आणि त्याच वेळी काय चालले होते? गलवानच्या एक महिना आधी, मे २०२० मध्ये, अर्थमंत्र्यांनी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचे कंपनीकरण करण्याची घोषणा केली होती. सरहद्दीवर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असतानाच ती अमलात आणली गेली. कामगारांनी संपाची नोटीस देताच ३० जून २०२१ रोजी वटहुकूम निघाला आणि पाठोपाठ कायदा झाला. संपात भाग घेणाऱ्यास एक वर्षापर्यंत तुरुंगवासाची तरतूद त्यात होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी दोन शतकांहून जुन्या परंपरेचे ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. सुमारे ७० हजार कामगार-कर्मचारी, त्यांना न विचारता, प्रतिनियुक्तीवर गेले असे मानण्यात आले. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी एका कंपनीकडे, मोटार कारखाना दुसरीकडे, तर खमरिया तिसरीकडे गेला. एका शहरातले, एका लढाऊ परंपरेचे कामगार एका सहीसरशी तीन मालकांचे नोकर झाले.

म्हणजे सरहद्द पेटलेली असताना कारखाना हातून गेला. ही तोड बीजिंगने केलेली नाही, दिल्लीने केली. आणि ती करताना ‘देश संकटात आहे’ हेच कारण पुढे करून संपाचा हक्क गोठविला. ज्या कॉम्रेडने ग्वारीघाटावर प्रश्न विचारला, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. तणावाने त्यांच्या मुलाच्या नोकरीचे रक्षण केले नाही. उलट, त्या नोकरीवर घाला घालताना मालकाच्या हातात ढाल दिली.

बहिष्काराचे ढोंग

आता व्यापाराकडे वळू. २०२० साली ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली आणि स्वदेशीच्या नावाने बहिष्काराचा डांगोरा पिटला गेला. दिवाळीत चिनी माळा विकणाऱ्या हातगाडीवाल्याला गल्लीतल्या देशभक्तांनी दमात घेतले. त्या गरिबाचा माल नाल्यात गेला. पण बंदरात काय उतरत होते?

२०२०-२१ या वर्षी चीनमधून झालेली आयात सुमारे ६५ अब्ज डॉलर होती. २०२१-२२ मध्ये ती ९४ अब्जांवर गेली, २०२३-२४ मध्ये १०१ अब्जांवर, आणि २०२४-२५ मध्ये ११३ अब्जांवर. त्या शेवटच्या वर्षी आपली चीनला होणारी निर्यात जेमतेम १४ अब्ज होती. व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलर! बहिष्काराच्या घोषणा जितक्या उंच गेल्या, तितकी आयात वर चढली. हातगाडीवाल्याची माळ देशद्रोही ठरली. मक्तेदारांच्या कारखान्यांसाठी येणारी यंत्रे, विजेची उपकरणे, सौरपट आणि औषधांचा कच्चा माल मात्र देशभक्त ठरला. या ढोंगाला ढोंगच म्हटले पाहिजे.

परावलंबन कोणी आणले?

काही मंडळी म्हणतील, हा चीनचाच डाव आहे. या युक्तिवादाला महाराष्ट्रातल्या एका कारखान्याचे उदाहरण पुरेसे आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली सरकारी मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन झाली. देशाला स्वतःचे पेनिसिलिन मिळाले. १९६१ साली सोव्हिएत साहाय्याने आय.डी.पी.एल. उभी राहिली. औषधाच्या बाबतीत परदेशी कंपन्यांच्या दारात उभे राहण्याची पाळी येऊ नये, हा त्यामागचा विचार होता. १९९१ नंतर खुल्या बाजाराच्या पुजाऱ्यांनी या संस्थांची उपासमार केली. स्वस्त चिनी कच्चा माल आणून गोळ्या वळणे खाजगी मालकांना अधिक किफायतशीर वाटले. देशातील पेनिसिलिनच्या कच्च्या मालाचे उत्पादन बंद पडले आणि मग त्याच मालकांना ते पुन्हा सुरू करण्यासाठी २०२० पासून सरकारी तिजोरीतून उत्तेजनाचे हप्ते देऊ करण्यात आले! सार्वजनिक क्षेत्राला मोडीत काढताना पैसा नव्हता. खाजगी मालकाला देताना तो सापडला.

तेव्हा परावलंबन हे शेजाऱ्याच्या कपटाचे फळ नाही. ते आपल्या भांडवलदारवर्गाच्या नफ्याचे आणि त्याच्या सरकारच्या धोरणाचे फळ आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा मोटार उद्योगाचा जीव कासावीस झाला. ऑगस्टमधल्या मैत्रीच्या घाईला हेही एक कारण होते. दुसरे कारण वॉशिंग्टनमध्ये होते. रशियन तेल घेतल्याबद्दल अमेरिकेने भारतीय मालावरील जकात २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्क्यांवर नेली. पंतप्रधानांची तियानजिन येथील भेट झाली ती ३१ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या चार दिवसांनी. अमेरिकन साम्राज्यवादाचा ‘सामरिक भागीदार’ होऊन चीनविरोधी चौकडीत बसण्यात ज्यांनी वर्षे घालविली, त्यांना धन्याने थप्पड मारल्यावर शेजारी आठवला. या मैत्रीच्या मुळाशी तत्त्व नाही, अडचण आहे. अडचण सरली की ती मैत्री टिकेलच, याची हमी कोण देणार?

मूर्तिपूजा नको

येथे आपल्याच काही साथींना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. चीनशी संबंध सुधारत आहेत म्हणून चिनी राज्यकर्त्यांची प्रत्येक कृती समाजवादी ठरत नाही. फेब्रुवारी १९७९ मध्ये, त्या वेळचे परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनमध्ये असतानाच, चीनने व्हिएतनामवर हल्ला चढविला होता. आणि ज्या व्हिएतनामने अमेरिकेला धूळ चारली त्या व्हिएतनामवर! पाकिस्तानच्या लष्कराला आज सर्वाधिक शस्त्रे चीनच पुरवितो. जुलै २०२५ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहावर, तिबेटात, चीनने महाकाय धरणाचे काम सुरू केले. नर्मदेवरचे बरगी धरण ग्वारीघाटाच्या वरच्या अंगाला आहे. १९९० साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाने १६२ गावे बाधित झाली आणि तेथील कित्येक शेतकरी जबलपुरात सायकलरिक्षा ओढू लागले. धरण कोणत्याही झेंड्याखाली बांधले जावो, खालच्या काठावरच्या शेतकऱ्याला विचारलेच पाहिजे, हे या शहराला कोणी शिकवायला नको.

परंतु या सर्व गोष्टींवर तोडगा वाटाघाटींतूनच निघेल. १९६२ साली सरहद्दीचा प्रश्न चर्चेने सोडवा असे म्हणणाऱ्या शेकडो कम्युनिस्टांना तुरुंगात डांबले गेले. आपल्या चळवळीत १९६४ साली जी फूट पडली, तिच्यातही या प्रश्नाचा वाटा होता. पण पुढे काय घडले? जनसंघाच्या मुशीतले वाजपेयी १९७९ साली बीजिंगला गेले, १९८८ साली राजीव गांधी गेले, १९९३ साली प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार झाला आणि २००३ साली पंतप्रधान म्हणून पुन्हा वाजपेयीच गेले. ज्यासाठी आपल्या साथींनी तुरुंगवास भोगला, तेच प्रत्येक सरकारला अखेर करावे लागले.

आपले उत्तर

मग कामगाराने काय मागावे? पहिली मागणी अशी की गस्तीच्या समझोत्यावर न थांबता सरहद्दीवरील जादा सैन्य मागे घ्यावे, सीमाप्रश्नाची कायम सोडवणूक करावी आणि वाटाघाटींचा वृत्तांत संसदेपुढे ठेवावा. दुसरी अशी की चिनी भांडवलाला दार उघडायचेच असेल, तर ते मक्तेदारांच्या भागीदारीसाठी नको. तंत्रज्ञान सार्वजनिक क्षेत्राला मिळाले पाहिजे आणि त्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस व संघटनेचा हक्क शाबूत राहिला पाहिजे. तिसरी मागणी जबलपूरची आहे. संरक्षण कारखान्यांचे कंपनीकरण रद्द करा आणि लष्कराची मागणी घटेल तेथे नागरी उत्पादनाची जोड द्या.

ही तिसरी मागणी स्वप्नरंजन नव्हे. १९५९ साली येथील गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले. ज्या हातांनी ते घडविले, ते हात राज्य परिवहनाच्या बसगाड्या, रुग्णवाहिका आणि शेतीची अवजारे घडवू शकत नाहीत काय? कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना ऑर्डनन्स कारखान्यांत नागरी वस्तू होऊ लागल्या, तेव्हा भांडवलदारी वृत्तपत्रांनी ‘तोफांऐवजी कॉफीची यंत्रे’ म्हणून खिल्ली उडविली. १९६२ च्या पराभवानंतर ती खिल्ली कायमची चिकटली. तयारीतल्या उणिवा खऱ्या होत्या आणि त्यांचा जाब विचारणे योग्यच होते. पण मालकांना खुपत होते ते वेगळेच. सरकारी कारखान्यातला कामगार त्यांच्या बाजारात माल आणू लागला होता. शांततेच्या काळात त्या कामगाराला बेकार ठेवणे हा निसर्गनियम नाही. तो धोरणाचा प्रश्न आहे आणि धोरण लढून बदलता येते.

ग्वारीघाटावरून नर्मदेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की तिलवाराघाट लागतो. त्याच परिसरात मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेस भरली होती. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. त्या वेळी आदल्या वर्षी मुंबईहून निघालेले पाच भारतीय डॉक्टरांचे पथक येनानला पोहोचून जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांची शुश्रूषा करीत होते. त्या पाचांत दोन मराठी होते. नागपूरचे डॉ. चोळकर हे एक आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे दुसरे. कोटणीस परतले नाहीत. १९४२ साली ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच वारले. दोन्ही सरकारांचे पाहुणे आज मेजवान्यांत त्यांचे नाव घेतात. पण कोटणिसांची मैत्री आयात-निर्यातीच्या हिशेबावर उभी नव्हती. ती साम्राज्यवादाविरुद्ध लढणाऱ्या दोन जनतांची मैत्री होती.

तेव्हा कॉम्रेड, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे. तुमच्या मुलाचे काम शांततेमुळे जाणार नाही. ते गेलेच, तर ज्यांनी तणावाच्या आडून कारखाना विकायला काढला त्यांच्यामुळे जाईल. शांतता त्यांच्यावर सोपवून चालणार नाही. ती मागण्यासाठी आणि आपल्या अटींवर आणण्यासाठी कारखान्याच्या फाटकावर सभा घेतली पाहिजे. त्या सभेत हा हिशेब मांडावा. आयातीचे आकडे, १ ऑक्टोबर २०२१ ची तारीख आणि कोटणिसांचे नाव, ही तीन शस्त्रे बरोबर ठेवावीत. पुढच्या अभ्यासवर्गाला लेखक पुन्हा ग्वारीघाटावर येईल, तेव्हा उत्तर सांगण्याऐवजी सभेचा वृत्तांत ऐकण्याची त्याची इच्छा आहे.