बारा धावांनंतरच्या टाळ्या

३१ जानेवारी १९९९ हा रविवार होता. ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्या दिवशी दुपारचे जेवण कोणी धड जेवले नाही. चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारत-पाकिस्तान कसोटीचा चौथा दिवस चालू होता. जिंकायला २७१ धावा हव्या होत्या, आणि ५ बाद ८२ अशा अवस्थेतून सचिन तेंडुलकर आणि नयन मोंगिया यांनी सामना ओढून आणला होता. मोंगिया ५२ करून गेला. सचिनची पाठ भरून आली होती. फटका मारला की तो वाकून उभा राही, आणि त्याच्याबरोबर आमच्या घरातही सगळे कळवळत. शेवटी १७ धावा उरलेल्या असताना तो सकलेन मुश्ताकला उंच मारायला गेला. चेंडू वर चढला आणि वासिम अक्रमने तो झेलला. सचिन १३६.

मी उठलो आणि टीव्ही बंद केला.

"अरे, तीन गडी आहेत अजून," नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे वडील. "आता काय बघायचं त्यात?" मी म्हणालो. माझा सात वर्षांचा मुलगा कोपऱ्यात तोंड फिरवून रडत बसला होता. नानांनी वाद घातला नाही. पायांत चपला सरकवल्या आणि समोरच्या बिऱ्हाडात उरलेला सामना पाहायला गेले. परत आले ते बऱ्याच वेळाने. "हरलो. बारा धावांनी," ते म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "पण तू बघायला हवं होतंस. लोक उभे राहिले रे."

उरलेले तीन गडी चार धावांत गेले होते. शेवटी श्रीनाथने चेंडू अडवला, तो त्याच्या पायांतून घरंगळत मागे गेला आणि यष्टीवर आदळला. चेपॉकवर क्षणभर स्मशानशांतता पसरली. आणि मग कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या. त्या वाढत गेल्या, माणसे उभी राहिली, आणि आनंदात असलेल्या पाकिस्तानी खेळाडूंना उमगले की या टाळ्या आपल्यासाठी आहेत. त्यांनी मैदानाला फेरी मारली आणि फेरीभर टाळ्या थांबल्या नाहीत. त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे कितीतरी वर्षे त्या फेरीच्या आठवणी सांगितल्या आहेत.

मी हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले. माझ्यासारखे टीव्ही बंद करणारे त्या काळी घरोघरी होते. सचिन बाद झाला की देशभर टीव्ही बंद होतात, हे आपण तेव्हा कौतुकाने सांगत असू. ते कौतुक सचिनचे होते, यात शंका नाही. पण क्रिकेटचे होते का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. नंतर पडला, त्याला कारण पुढचे तीन आठवडे.

चेपॉकच्या त्या टाळ्यांचे मोल कळायचे तर त्याआधीचा महिना आठवायला हवा. पाकिस्तानचा संघ भारतात कसोटी मालिका खेळायला येत होता तो १९८७ नंतर प्रथमच. मधल्या काळात बरेच काही घडले होते आणि दौऱ्याला विरोध होता. १९९१ साली शिवसैनिकांनी आपल्या वानखेडेची खेळपट्टी उखडली होती. १९९९ च्या जानेवारीत दिल्लीच्या फिरोजशहा कोटलाची उखडली गेली. म्हणून दिल्लीची पहिली कसोटी चेन्नईला गेली आणि चेन्नईची दुसरी दिल्लीला आली. त्याच महिन्यात मुंबईत क्रिकेट मंडळाच्या कार्यालयात मोडतोड झाली, आणि तीत कपिलदेवच्या संघाने १९८३ साली लॉर्ड्सवरून आणलेल्या विश्वचषकालाही धक्का पोचला. पाकिस्तानवरचा राग काढताना आपण आपलाच चषक वाकवला, हे तेव्हा फार कोणाच्या लक्षात आल्याचे दिसले नाही. दिल्लीत मैदानात साप सोडण्याची धमकी होती, म्हणून बंदोबस्ताला गारुडी ठेवले गेले! हसू येते, पण खेळाडू आणि प्रेक्षक अशा हवेत मैदानावर येत होते.

तेव्हा चेपॉकवर जमलेल्या माणसांना राग धरायला कारणे कमी नव्हती. त्याच डावात सौरव गांगुलीला झेलबाद दिले, त्या निर्णयावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. पराभव फक्त बारा धावांचा होता. एखादी बाटली, एखादा दगड आला असता तर दुसऱ्या दिवशी 'भावनांचा उद्रेक' असा मथळा देऊन आपण मोकळे झालो असतो. तो आला नाही. चेन्नईचा प्रेक्षक जन्मजात सज्जन असतो असे मी म्हणणार नाही. पण त्याच मैदानावर १९९७ च्या मे महिन्यात सईद अन्वरने एका दिवसाच्या सामन्यात भारताविरुद्ध १९४ धावा कुटल्या, तेव्हाही तिथे टाळ्या वाजल्या होत्या. प्रतिस्पर्ध्याचा चांगला खेळ पाहिला की हात आपोआप जुळावेत, ही तिथल्या माणसांची सवय असावी. ती एका पराभवाच्या संध्याकाळी कोणी भाषण देऊन लागत नाही.

पुढच्या रविवारी, ७ फेब्रुवारीला, दिल्लीत अनिल कुंबळेने ७४ धावांत दहाच्या दहा गडी बाद केले. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. आमचा टीव्ही त्या दिवशी अर्थातच चालू होता.

त्यानंतर कलकत्ता. तेव्हा त्या शहराचे नाव हेच होते. आशियाई कसोटी अजिंक्यपदाचा हा पहिला सामना. कागदोपत्री मालिका वेगळी, पण आमच्या लेखी हीच तिसरी कसोटी. ईडन गार्डन्सवर पाच दिवसांत मिळून साडेचार लाखांहून अधिक माणसे आली. पाकिस्तानचे पहिले सहा गडी २६ धावांत गेले, तेव्हा घरातला आनंद काय वर्णावा! मग शोएब अख्तरने द्रविड आणि सचिन यांच्या यष्ट्या लागोपाठच्या चेंडूंवर उडवल्या. त्यानंतर सईद अन्वर सलामीला येऊन अखेरपर्यंत नाबाद राहिला, १८८ धावा. श्रीनाथने त्या डावात आठ, सामन्यात तेरा बळी घेतले. एका कसोटीत याहून अधिक काय मागावे?

शुक्रवारी, १९ फेब्रुवारीला, सचिन तिसरी धाव पुरी करताना शोएबला धडकला. बॅट क्रीजमध्ये टेकायच्या आत सीमेजवळून नदीम खानची फेक थेट यष्टीवर लागली. नदीम बदली खेळाडू म्हणून आला होता. पंच बकनर यांनी तिसऱ्या पंचाकडे विचारणा केली आणि सचिन धावचीत ठरला. नियमाने बाद, यात वाद नाही. वासिम अक्रमला अपील मागे घेता आले असते, हेही खरे. शोएब मुद्दाम आडवा आला असे मला तेव्हाही वाटले नव्हते, पण ते मी घरात बोललो नाही. बोललो असतो तर चहा मिळाला नसता. ईडनवर बाटल्या आणि फळे मैदानात येऊ लागली. चहापान लवकर घ्यावे लागले. शेवटी खुद्द सचिन आणि जगमोहन दालमिया मैदानाला फेरी मारून हात जोडत फिरले, तेव्हा खेळ सुरू झाला. ज्याच्यासाठी लोक चिडले, त्यालाच लोकांची समजूत काढायला बाहेर यावे लागले.

शुक्रवारचा राग मला समजतो. डोळ्यांसमोर अन्याय झाल्यासारखे वाटले की माणूस ओरडतो. पण शनिवारी सकाळी अन्याय काही नव्हता. गांगुली बाद झाला, नववा गडी गेला, पराभव दिसू लागला, एवढेच. स्टँडमध्ये कागद पेटले आणि पुन्हा वस्तू येऊ लागल्या. मग पोलिसांनी स्टँड रिकामे केले. सुमारे पासष्ट हजार माणसांना सरसकट बाहेर काढले. त्यात फेकणारे किती असतील? काही शे म्हणा, हजार म्हणा. बाकीचे नुसते क्रिकेट पाहायला आले होते. त्यांत म्हातारी माणसे होती, पोराबाळांना घेऊन आलेली कुटुंबे होती. त्यांनाही ढकलत बाहेर नेले गेले. तीन तासांहून अधिक वेळ गेल्यावर दोनेकशे माणसांसमोर खेळ पुन्हा सुरू झाला आणि दहा चेंडूंत संपला. पाकिस्तान ४६ धावांनी जिंकले. अन्वरच्या १८८ धावांसाठी आणि श्रीनाथच्या तेरा बळींसाठी टाळी वाजवायला तिथे कोणी नव्हते. श्रीनाथचे मला अन्वरइतकेच वाईट वाटले. तो तर आपला होता.

योगायोग असा, की त्याच शनिवारी, २० फेब्रुवारी १९९९ ला, पंतप्रधान वाजपेयी बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले. मे महिन्यात कारगिल घडले. मोठ्या घडामोडींवर क्रिकेटच्या प्रेक्षकांचा परिणाम होत नाही, आणि तो व्हावा अशी अपेक्षाही मी करत नाही. माझा मुद्दा फार लहान आहे: तिकीट काढून आत बसलेल्या माणसाने काय करावे, एवढाच.

ईडनच्या बातम्या पाहताना मी तावातावाने म्हणालो, "आपल्या मुंबईत असं होत नाही." १९९६ च्या विश्वचषकात उपांत्य सामना याच ईडनवर असाच बंद पडून श्रीलंकेला बहाल झाला होता, तेव्हा माझ्या बोलण्याला पुरावाही होता. नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एकोणसत्तर साली ब्रेबॉर्नवर मी होतो."

१९६९ चा नोव्हेंबर, समोर ऑस्ट्रेलिया. वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिले. लोकांच्या मते चेंडू बॅटला लागलाच नव्हता. ट्रान्झिस्टरवर समालोचकानेही तसेच म्हटले, आणि मग खुर्च्या मोडल्या, स्टँडमध्ये आगी लागल्या. धूर मैदानावर येत असताना खेळ चालू होता. "तुम्ही काय केलंत?" मी विचारले. "मी काही फेकलं नाही," नाना म्हणाले. "पण माझ्या शेजारचा खुर्ची मोडत होता, त्याला थांबवलंही नाही. मी ओरडत होतो. बरं वाटत होतं ओरडायला." एवढे बोलून ते आत गेले. तोवर हे त्यांनी घरात कधी सांगितले नव्हते.

१९७५ साली वानखेडेच्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडचे अभिनंदन करायला एक मुलगा मैदानात धावला, पोलिसांनी त्याला मारले, आणि तिथेही दंगल झाली. निदान तिचे कारण लॉइडच्या द्विशतकाचा आनंद हे होते. पण २००६ च्या मार्चमध्ये त्याच वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन एका धावेवर बाद होऊन परतला, तेव्हा काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. वांद्र्याच्या पोराची, त्याच्याच गावात! ते पाहिल्यापासून ईडनला नावे ठेवताना माझी जीभ अडखळते.

आपण टाळ्या वाजवतो त्या नक्की कशाला, हेही कधीकधी कळत नाही. सचिनच्या अखेरच्या कसोटीत, २०१३ च्या नोव्हेंबरात, वानखेडेवर मुरली विजय बाद झाला आणि आपलाच गडी गेल्यावर मैदान आनंदाने उसळले, कारण पुढे सचिन येणार होता. २००४ साली मुलतानला सेहवागने ३०९ केल्या, भारताच्या फलंदाजाचे कसोटीतले पहिले त्रिशतक, आणि भारताने पाकिस्तानच्या भूमीवर पहिल्यांदा कसोटी जिंकली, तीही डावाने. आमच्या ऑफिसात आठवडाभर चर्चा कशाची? तर सचिन १९४ वर असताना द्रविडने डाव घोषित का केला याची. मीही त्या चर्चेत होतो, आणि द्रविडच्या विरुद्ध बाजूला होतो. आता वाटते, द्रविडचे बरोबर होते.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातली शेवटची कसोटी डिसेंबर २००७ मध्ये बंगळूरला झाली. त्यानंतर एकही नाही. ती का नाही, याची कारणे क्रिकेटच्या बाहेरची आहेत आणि गंभीर आहेत. आज ती सुरू करा असे मी म्हणत नाही. पण आज कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी अशी कसोटी कळत्या वयात पाहिलेलीच नाही. पाच दिवस शत्रूपक्षाच्या फिरकीकडे टक लावून बसायचे, त्याला शिव्या द्यायच्या, आणि तिसऱ्या दिवशी नकळत म्हणायचे, "काय टाकतोय बुवा!" हे त्यांच्या वाट्याला आले नाही. त्या चेन्नई कसोटीत सकलेनने दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेतले होते. मला त्याची गोलंदाजी त्या वेळी दिसलीच नव्हती. मला फक्त सचिनची पाठ दिसत होती.

नाना आता नाहीत. मध्यंतरी मुलगा घरी आला होता, तेव्हा त्याने मोबाइलवर त्या सामन्याचा शेवट शोधून काढला आणि माझ्यासमोर धरला. सचिनचा झेल आला तसा मी सवयीने मान वळवली. "बाबा, थांबा, अजून तीन गडी आहेत," तो म्हणाला. चित्र पुसट होते. श्रीनाथच्या पायांतून चेंडू मागे गेला. मग शांतता. मग पाकिस्तानचे खेळाडू स्टँडच्या बाजूने चालताना दिसले, आणि त्या लहानशा यंत्रातून टाळ्यांचा आवाज आला. पाऊस पत्र्यावर पडावा तसा.

"आजोबांनी हे बघितलं होतं ना?" त्याने विचारले.

"समोरच्यांकडे," मी म्हणालो.