सौर वादळ अख्ख्या देशाला सारखे लागत नाही

१० मे २०२४ च्या रात्री सौर वादळामुळे लडाखमधल्या हानले गावावरचे आभाळ तांबडे झाले. तिथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली ती लाली दुसऱ्या दिवशी घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली आणि तिच्या पाठोपाठ दोन ठाम मतेही पोहोचली. एक घाबरवणारे: देशभरची वीज एका फटक्यात जाणार, रात्री मोबाइल बंद करून लांब ठेवा. दुसरे निर्धास्त करणारे आणि शिकल्यासवरलेल्यांचे: हे ध्रुवांजवळच्या देशांचे दुखणे; भारत पडला विषुववृत्ताशेजारी, आपल्याला त्याची झळ कशाला लागेल?

पहिल्या मताचा निकाल लवकर लागतो. ते वादळ २००३ नंतरचे सर्वांत मोठे होते, तरी त्याने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढळले ते सुमारे ४०० नॅनोटेस्लांनी. अलिबागच्या वेधशाळेत या क्षेत्राचा नुसता आडवा घटकच ३८ हजार नॅनोटेस्लांच्या घरात असतो. एवढ्याशा बदलाने उशाजवळच्या फोनला किंवा घरातल्या वायरिंगला काहीही होत नाही. वादळाचा जोर दिसायला शेकडो किलोमीटर लांबीची तार लागते, नाहीतर आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, ओलांडून येणारा उपग्रहाचा संदेश लागतो.

दुसरे मत मात्र नीट खोडून काढायला हवे, कारण ते अर्धे खरे आहे.

खरा भाग क्वेबेकचा. १३ मार्च १९८९ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास सौर वादळामुळे कॅनडातल्या या ध्रुवाजवळच्या प्रांताचे वीजजाळे अवघ्या ९२ सेकंदांत कोसळले आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. वादळात चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते, त्यामुळे जमिनीत विद्युतदाब तयार होतो आणि त्याचा प्रवाह उपकेंद्रातल्या रोहित्राच्या अर्थिंगमधून वर चढून उच्चदाब वाहिनीत शिरतो. हा प्रवाह जवळजवळ डीसी असतो. रोहित्राचा गाभा बनवलेला असतो एसीसाठी. डीसी शिरला की प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात गाभ्याची चुंबकीय क्षमता संपते, रोहित्र मोठ्याने घुमू लागते, आतून तापते आणि जाळ्याचा दाब टिकवणारी शक्ती स्वतःच ओढून घेऊ लागते. क्वेबेकमध्ये दाब सावरणारी सात यंत्रे एकामागून एक बंद पडली आणि पाठोपाठ सारे जाळे बसले.

पण मग क्वेबेकच का? वादळ साऱ्या कॅनडावर होते आणि तेवढ्याच उत्तरेच्या इतर प्रांतांत दिवे चालू राहिले. क्वेबेकच्या पोटात अतिप्राचीन कठीण खडक आहे. त्यातून वीज सहज वाहत नाही, म्हणून ती वरच्या तारांची वाट धरते. त्यात जेम्स बेच्या जलविद्युत प्रकल्पाकडून दक्षिणेतल्या शहरांकडे येणाऱ्या ७३५ किलोव्होल्टच्या वाहिन्या फार लांब. ध्रुवाची जवळीक होतीच, पण कोणत्या प्रांतात अंधार होणार हे खडकाने आणि तारांनी ठरवले. ‘ध्रुवापासून लांब म्हणजे सुरक्षित’ हा हिशेब इथेच अपुरा पडतो.

दक्षिण आफ्रिकेने तो आणखी मोडीत काढला. ध्रुवीय प्रकाशाशी त्या देशाचा नेहमीचा संबंध नाही. तरीही २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या वादळांनंतरच्या काही महिन्यांत तिथल्या अनेक मोठ्या रोहित्रांत बिघाड आढळले. वादळाच्या रात्री स्फोट झाला नाही, बातमी झाली नाही. आतले इन्सुलेशन हळूहळू खराब होत गेले. असे नुकसान वादळाच्या खात्यावर लिहिले जात नाही आणि मग ‘आपल्याकडे काही झाले नाही’ असे म्हणायला मोकळीक मिळते.

खुद्द मुंबईचा पुरावा तर याहून जुना आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलज्ञाने सूर्यावरचा स्फोट पाहिला आणि एका दिवसाच्या आतच पृथ्वीवर आजवरच्या सर्वांत मोठ्या ज्ञात वादळांपैकी एक आदळले. तेव्हा कुलाबा वेधशाळेत टांगलेल्या चुंबकांच्या नोंदी हाताने घेतल्या जात होत्या. त्या नोंदींत आडवे क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेले दिसते, म्हणजे २०२४ च्या घसरणीच्या चौपट. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, ब्रूस त्सुरुतानी आणि गुरबक्ष लखिना यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी याच नोंदींच्या आधारे त्या वादळाची ताकद नव्याने मांडली. पुढे ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात ध्रुवीय प्रकाश मुंबईतूनही दिसला आणि समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलमध्ये व्यत्यय आला. विषुववृत्ताजवळ वादळ पोहोचत नाही, असे म्हणणाऱ्याने आधी कुलाब्याची ही नोंदवही उघडावी. तेव्हा मुंबईचे मोठे नुकसान झाले नाही, कारण बिघडण्यासारखे वीजजाळेच नव्हते.

तेव्हा प्रश्न ‘भारताला धोका आहे की नाही’ असा नाहीच. भारताच्या कोणत्या भागाला, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कशाचा धोका, हा खरा प्रश्न आहे.

देशाच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते. याच कारणाने अग्निबाण सोडण्यासाठी केरळातल्या थुंब्याची निवड झाली आणि तिथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले उड्डाण झाले. तिथे दिवसा, जमिनीपासून सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर, विजेचा एक अरुंद आणि जोरकस झोत वाहतो. दिवसाउजेडी वादळाचा पहिला धक्का बसला तर तिरुनेलवेलीत क्षेत्राची उसळी अलिबागेपेक्षा कितीतरी मोठी असते. तोच धक्का रात्री बसला तर हा झोतच नसतो. मे २०२४ चे वादळ भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहानंतर आले, हेही ध्यानात ठेवायला हवे. एका रात्रीच्या अनुभवावरून दुपारच्या वादळाचा अंदाज बांधता येत नाही.

मध्य भारताचे दुखणे वेगळे. अहमदाबाद, भोपाळ ते कोलकाता या पट्ट्यावर आयनांबरातले इलेक्ट्रॉन सर्वांत दाट साचतात. वादळात हा साठा वरखाली होतो आणि सूर्यास्तानंतर त्यात पोकळ्या तयार झाल्या तर उपग्रहाचा संदेश थरथरू लागतो. विमानांना जीपीएसमधली चूक सुधारून देणारी ‘गगन’ प्रणाली याच आभाळाखाली काम करते. महाराष्ट्रात भूमी अभिलेख खात्याची जमीनमोजणी आता उपग्रहांवरून स्थान टिपणाऱ्या रोव्हरने होते. आयनांबर खवळले की बांधावर उभ्या भूकरमापकाच्या रोव्हरला ‘फिक्स’, म्हणजे अचूक स्थान, मिळणे अवघड होते. त्याने आणि शेतकऱ्याने दोष यंत्राला द्यायचा की आभाळाला, हे सांगणारी सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी.

लडाखला आभाळ लाल दिसते, पण देखावा आणि हानी यांचे ठिकाण एकच असेल असे नाही. कर्नाटकातला प्राचीन ग्रॅनाइट आणि गंगेच्या मैदानातला ओला गाळ यांतून वीज सारखी वाहत नाही. किनाऱ्यालगत खारे पाणी आणि कोरडा खडक जिथे भिडतात तिथे जमिनीतला विद्युतदाब आणखी वाढतो. आणि वरची तार आता एकच झाली आहे: ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाला जोडले. टंचाईच्या काळात ही जोडणी वरदान आहे. पण एका भागातल्या रोहित्राचा त्रास आता त्या भागापुरताच राहील याची खात्री कोणी देऊ नये.

हे मोजण्याची परंपरा भारताकडे आहे आणि ती अभिमानाची आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये चुंबकीय वेधांसाठी अलिबागेत वेधशाळा उभी केली, लोहचुंबकीय दोष नसलेल्या पोरबंदरी दगडात. आज नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे देशभर पसरलेल्या वेधशाळा आहेत आणि देशाकडे १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवणारे आदित्य-एल१ यानही आहे. तिथून सौरवाऱ्याची खबर मिळाल्यावर हाताशी उरतो साधारण अर्धा ते एक तास. त्या वेळात देशाला एकच सरसकट इशारा देऊन महाराष्ट्राच्या ऐरोलीतल्या भार प्रेषण केंद्रातल्या अभियंत्याला काही करता येत नाही. त्याला आपल्या भागाचा आकडा हवा. तेव्हा वीज पारेषण कंपन्यांनी ग्रॅनाइटच्या, गाळाच्या, दख्खनच्या कातळाच्या आणि किनाऱ्याच्या प्रदेशांतली निवडक उपकेंद्रे घेऊन तिथल्या ७६५ आणि ४०० किलोव्होल्ट रोहित्रांच्या अर्थिंगमधला प्रवाह सतत मोजावा, तो भूचुंबकत्व संस्थेच्या नोंदींशी जोडावा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर विभागवार आकडे लोकांसमोर ठेवावेत.