शोभेच्या माशांचे परोपजीवी रोग : आधी खबरदारी, मग औषध

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या घरांतून शोभेचे मासे पाळण्याची हौस मोठी आहे. ही मागणी पुरविण्यासाठी सिमेंटच्या टाक्यांत गोल्डफिश, गप्पी व मॉली वाढविणे हा शेतकरी बंधूंना चांगला जोडधंदा आहे. तथापि, रोग दिसताच औषधाची बाटली टाकीत ओतून निश्चिंत होण्याची रीत आमच्या मते घातक आहे.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोगच पाहा. इक्थियोप्थिरियस नावाचा एकपेशीय परोपजीवी माशाच्या त्वचेत शिरतो व मिठाच्या कणांसारखे ठिपके उमटतात. त्वचेआड असेपर्यंत त्यावर औषध चालत नाही. वाढ पूर्ण होताच तो तळाशी जाऊन कोश करतो व एकापासून शेकडो पिले निपजतात. ही पिले नवा मासा शोधीत पोहत असतात, तेवढ्याच अवधीत औषध लागू पडते. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात हे चक्र आठवडाभरात पुरे होते. म्हणून ठिपके मावळताच उपचार थांबविणे म्हणजे रोगास पुन्हा आमंत्रण देणे होय. वरील तीन जातींना लिटरमागे २ ते ३ ग्रॅम मीठ सोसते. ते हळूहळू विरघळवून दोन आठवडे कायम राखावे. पाणी बदलल्यास तेवढ्या पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे.

परंतु खरा उपाय याहून सोपा आहे. विकत आणलेला प्रत्येक मासा तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. त्या टाकीची जाळी व बादली अन्यत्र वापरू नये. एका जागेचा हा खर्च सबंध साठा गमावण्यापेक्षा खचित स्वस्त आहे.

आणखी एक विनंती. आजारी मासे किंवा टाकीतील पाणी विहिरीत, शेततळ्यात वा पवई तलावात कधीही सोडू नये. अर्ग्युलस, म्हणजे माशांवरील ऊ, आणि लर्निया हे परोपजीवी गोल्डफिशप्रमाणेच रोहू-कटल्यांवरही जगतात. एका घरची हौस दुसऱ्याच्या मत्स्यशेतीवर संकट आणू शकते.

अंधेरीतील वर्सोवा येथे १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. शंका असल्यास अशा जाणकारांचा सल्ला घ्यावा. ग्रामसेवकांनी मात्र प्रत्येक मत्स्यपालकास पहिला प्रश्न हाच विचारावा : नव्या माशांसाठी वेगळी टाकी आहे काय?