ना घाट, ना समुद्र

डिसेंबरात रत्नागिरीहून मामेभाऊ आला होता. लग्नाचं निमित्त होतं, पण बॅगेत सायकलचे बूट आणि हेल्मेट बघून खरं निमित्त काय ते आमच्या लक्षात आलं. आईच्या माहेरचा हा शेंडेफळ. वयानं माझ्याहून बराच लहान, पायांनी त्याहूनही लहान. म्हणजे चढावर तो पुढे आणि मी मागे धापा टाकत, असं आमचं नातं गेली काही वर्षं आहे.

पहिल्या दिवशी वर्धा रोडनं चाळीसेक किलोमीटर फिरवून आणला, तर घरी येऊन मातोश्रींना म्हणतो, "आत्या, तुमच्या नागपुरात सायकल कशाला चालवायची गो? ना घाट, ना समुद्र. नुसता सरळ रस्ता! जिममधल्या मशीनवर बसलो असतो तरी चाललं असतं."

आईला माहेरचं सगळंच गोड. ती हसली. मला मात्र लागलं. नागपूरकराला नागपूरची थट्टा स्वतः करायला आवडते, दुसऱ्यानं केलेली चालत नाही. :)

खरं सांगायचं तर त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मागच्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्यानं मला त्याचे दोन्ही नेहमीचे रस्ते दाखवले. एक उत्तरेचा, आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला. जेमतेम पंचवीस किलोमीटर. दुसरा दक्षिणेचा, भाट्याचा पूल ओलांडून पावस, पुढे पूर्णगड. आकडे ऐकून मी म्हटलं, एवढंच? आम्ही तर रविवारी शंभर करतो. पण कोकणातले किलोमीटर वेगळ्या मापाचे असतात. रस्ता खाडीपाशी उतरतो, पुलावरून पलीकडे जातो आणि लगेच सड्यावर चढायला लागतो. वर लाल जांभ्याचं मोकळं पठार, वारा, आणि दोन मिनिटं जीव शांत होतो न होतो तोच पुन्हा उतार. असं किती वेळा, ते मोजणं मी तिसऱ्या चढावर सोडून दिलं. आरे-वारेच्या वळणावर समुद्र असा अंगावर येतो की थांबायला निमित्त शोधावं लागत नाही. (मला तर फारच सोयीचं झालं.)

तर मुद्दा असा की कोकणातला रस्ता तुम्हाला शिक्षा करतो आणि लगेच बक्षीसही देतो. आमचा रस्ता दोन्ही करत नाही. तो फक्त चालू राहतो.

पण सपाट म्हणजे सोपं, हा मोठा गैरसमज आहे. घाटात चढ संपला की उतार मिळतो, पाय थांबतात, श्वास जागेवर येतो. सपाटीवर पायडल थांबवलं की सायकल थांबते. पन्नास किलोमीटर म्हणजे पन्नास किलोमीटर, एक मीटर फुकट नाही. आणि आमचा घाट असतो वाऱ्याचा. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, हे शाळेत शिकलो नाही ते परतीच्या वाटेवर समोरून वारा आला तेव्हा शिकलो. या चढाला माथाच नसतो, एवढाच काय तो फरक. २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' बारा दिवसांच्या आत एकट्यानं पुरी करणारे डॉ. अमित समर्थ नागपूरचेच. हे मी मामेभावाला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "ते डॉक्टर झाले, तुझं काय?" असो.

तरी मी हट्टानं त्याला आमचे रस्ते दाखवायचे ठरवले. नवीन सायकल घेतलेल्या नागपूरकरांनाही उपयोग होईल म्हणून थोडक्यात लिहितो.

शहरातल्या शहरात: अंबाझरी, फुटाळा, तेलंगखेडी आणि तिथून सेमिनरी हिल्स. आमच्या नशिबी आलेला हा एकमेव चढ. एकदा चढून समाधान होत नाही, म्हणून पाच वेळा चढायचा आणि खाली येऊन तर्री-पोहे खायचे. वजनाचा हिशोब करायचा नाही.

रामटेक: कामठी, कन्हानचा पूल, मनसर आणि मनसरला उजवीकडे. एका बाजूनं पन्नासेक किलोमीटर. गडमंदिर लांबूनच दिसायला लागतं आणि बराच वेळ जवळ येत नाही. पण शेवटी खराखुरा चढ मिळतो. कालिदासाचा यक्ष इथंच विरहात होता असं मानतात. पन्नास किलोमीटर झाल्यावर ढगाला निरोप सांगावासा वाटतो खरा, की बाबा, घरून गाडी पाठव.

धापेवाडा आणि अदासा: कळमेश्वरवरून जायचं. धापेवाड्याला विठोबा आणि नदीचं नावही चंद्रभागा. पुढे अदाशाचा गणपती टेकडीवर. आजूबाजूला संत्र्याचे बगीचे. थंडीतला माझा सगळ्यात आवडता रस्ता हाच.

सेवाग्राम: बुटीबोरी, केळझर, सेलू. पंचाहत्तरेक किलोमीटर. गांधीजी १९३६ साली इथं राहायला आले. आश्रमात झाडाखाली अर्धा तास बसलं की परतीचं बळ येतं. नाही आलं तर वर्धेहून रेल्वे आहेच.

आणि शेवटी अंभोरा. कुहीवरून पुढे, वैनगंगेच्या काठी. गोसीखुर्द धरणाचं पाणी इथवर पसरलंय. मधूनच टेकड्या, एका टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आणि आता भंडारा जिल्ह्याकडे नेणारा तारांचा मोठा पूल. पलीकडचा काठ धुक्यात दिसेनासा झाला की थोडा वेळ समुद्र म्हणून खपून जातं. मामेभाऊ तिथं काही बोलला नाही. बराच वेळ फोटो काढत होता. मी मनातल्या मनात एक गुण लावून घेतला. (या पाण्याखाली गावं गेली आहेत, हे त्याला नंतर सांगितलं. तेव्हा त्यानं फोन खिशात ठेवला.)

इथपर्यंत हे लिखाण म्हणजे नागपूरची जाहिरात झाली. पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं.

एका सकाळी आम्ही दोघं शहराबाहेरच्या चौपदरी रस्त्यावर होतो. कुठला रस्ता ते लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडे तेच आहे. पहाटेचं धुकं, बोटं गारठलेली. नागपूरचा उन्हाळा जगप्रसिद्ध आहे, पण २०१८ च्या डिसेंबरात इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. आम्ही कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत, चांगल्या वेगात. आणि समोरून, आमच्याच बाजूनं, उलट दिशेनं एक सायकलवाला. काळी जुनी बावीस इंची सायकल, दिवा नाही, हँडलला डब्याची पिशवी, कानाला दुपट्टा. मी ब्रेक दाबले, मामेभाऊ माझ्यावर आदळता आदळता राहिला. मागून ट्रक गेला तो आमच्यापासून हातभर अंतरावरून.

माझं डोकं फिरलं. "अरे, काहून उलटा येऊन राहिला? मरायचं आहे का?" असं आणि आणखी बरंच बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तो माणूस खाली उतरला. माझ्याहून मोठा असावा. चिडला नाही. रस्त्याच्या मधल्या दुभाजकाकडे बोट दाखवून म्हणाला, "माहं गाव हे मांगं. कारखाना हा समोर दिसते तो, याच बाजूनं. सीध्या बाजूनं जातो म्हनलं तं दुभाजक कुठी खुला नाही. पुढं जाऊन वळून आलो तं चार किलोमीटर जास्तीचे पडते. सकाळी चार, संध्याकाळी चार. तुमी शौकानं चालवता भाऊ, मले कामावर जा लागते."

एवढं बोलून तो गेला. उलट्याच बाजूनं.

पुढचे दहा किलोमीटर आम्ही दोघंही गप्प होतो. मी हिशोब करत होतो. रोजचे आठ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस. दोनशे किलोमीटर. आम्हा हौशी लोकांत दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे असते. साडेतेरा तासांत पुरी केली की मेडल विकत घेता येतं. माझ्या घरी अशी तीन आहेत, दर्शनी भिंतीवर. आणि या माणसानं नियम पाळायचं ठरवलं, तर दर महिन्याला एक ब्रेव्हे त्याला निव्वळ वळसा म्हणून चालवावी लागेल. दिवसभर कारखान्यात उभं राहून.

मी त्याच्या उलट येण्याचं समर्थन करत नाहीये. ते धोक्याचं आहे, त्याला आणि आम्हालाही. पण त्या दिवसापर्यंत मी "यांना शिस्त नाही" एवढ्यावर विषय संपवत होतो. तो रस्ता दुपदरी होता तेव्हा हाच माणूस सरळ पलीकडे जात होता. रस्ता रुंद करताना कुणीतरी नकाशावर रेघ मारली आणि त्या रेघेची किंमत डबा घेऊन जाणाऱ्या सायकलवाल्यावर पडली. मोटारवाल्याला चार किलोमीटर म्हणजे पाच मिनिटं. त्याला वीस, आणि घाम वेगळा.

रुंद रस्ते नकोतच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. दुभाजकामुळे समोरासमोरच्या धडका टळतात आणि दवाखान्यात लवकर पोचता येतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाला. त्यावर सायकलला आणि मोटारसायकलला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तो नव्या जागेवरून काढलेला, फक्त वेगासाठीचा रस्ता. माझी तक्रार जुन्या रस्त्यांबद्दल आहे. गावांना जोडणारा जो एकच रस्ता होता, तोच रुंद करून वेगवान गाड्यांना दिला, तर गावानं कुठून जायचं? अशा ठिकाणी दोन्ही कडांनी सलग सेवा रस्ता हवा आणि माणसांची खरी ये-जा असेल तिथं खालून किंवा वरून ओलांडायची सोय हवी. वन्यप्राण्यांसाठी पेंचच्या जंगलात ४४ क्रमांकाच्या महामार्गाला उचलून खालून वाटा ठेवल्या, वाघांचे त्यावरचे फोटो आपण कौतुकानं एकमेकांना पाठवले. वाघाची वाट कुठून जाते ते आधी पाहिलं, म्हणून ते जमलं. माणसाची वाट पाहणं त्याहून अवघड नसावं. त्याला तर विचारताही येतं.

आणि आता आम्हा सायकलवाल्यांबद्दल. आमच्या ग्रुपनं एकदा निवेदन दिलं होतं. मागणी काय? रविवारी सकाळी एक रस्ता गाड्यांना बंद ठेवा. निवेदनावर माझीही सही आहे. आज वाचलं की कसंतरी होतं. त्यात सोमवारचा उल्लेखच नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ ४५ टक्के घरांत सायकल होती. मोटारसायकल-स्कूटर होती २१ टक्के घरांत. आता प्रमाण बदललं असेल, पण त्या सायकली हौसेच्या नव्हत्या. त्या घरांतलं कुणी निवेदन देत नाही, कारण निवेदन द्यायला जायचं तर एक दिवसाची मजुरी जाते. हेल्मेट घालून, इंग्रजी मिश्रित बोलत, अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसायला मिळतं ते आम्हाला. तिथं बसून आपण फक्त आपला रविवार मागायचा का?

जाताना मामेभाऊ स्टेशनवर म्हणाला, "दादा, आमच्याकडेही किनाऱ्याच्या रस्त्याचं मोठं काम येतंय. खाड्यांवर पूल होतील, तरीतून जावं लागणार नाही. मला वाटत होतं, मस्त, आता सलग चालवता येईल. पण आता बघताना दुभाजक कुठे आहे ते आधी बघणार." मग थोडं थांबून म्हणाला, "तुमचा रस्ता सरळ आहे, पण सोपा नाही हां."

आईला फोन करून हे वाक्य ऐकवलं. तिला तो चढ-उताराबद्दल बोलतोय असं वाटलं. मीही खुलासा केला नाही.

ग्रुपमध्ये नवीन निवेदनाचा विषय काढलाय. या वेळी आधी त्या रस्त्यावर सकाळी सहा ते आठ उभं राहून, कोण कुठून कुठं जातं ते लिहून घ्यायचं ठरतंय. सायकल न चालवता सायकलसाठी घालवलेली पहिलीच सकाळ असेल ती. दोघं तयार झालेत, बाकीच्यांना थंडी वाजतेय. नागपूरकरांपैकी कुणाला यायचं असेल तर कळवा. डबा आणि दुपट्टा आपापला. पोहे माझ्याकडून.